अशिलाची खुर्ची

चिंचवड स्टेशनजवळचं माझं पहिलं ऑफिस मुंबईच्या एका नामांकित फर्मनं सजवलं होतं, असं इथल्या वकील मंडळींत आजही सांगतात. गेल्या महिन्यात या मंडळींनी माझा सत्कार करायचं ठरवलं आणि माझ्याविषयीचा मजकूर आधी वाचायला पाठवला. त्यातही ते वाक्य होतं. मी ते खोडलं. त्या जागी जे लिहायचं ते समासात मावेना, म्हणून हे लिहायला घेतलं.

ते ऑफिस केशव रामजी गुरव यांनी सजवलं. मुंबईची फर्म कधी नव्हतीच. एका दुपारी घाबरून मी तिचं नाव घेतलं आणि पुढं आयुष्यभर ती सांभाळत बसलो.

गुरव म्हणून त्यांना गावात कुणी ओळखत नसे. सगळे पडदेवाले म्हणत. एका नाटक कंपनीत त्यांनी तीस वर्षं पडदे रंगवले होते. राजवाडा, जंगल, तुरुंग, नदीकाठ, जे नाटकात लागेल ते. बोलपट आले, कंपनी बसली. मालकानं सामान वाटून टाकलं तेव्हा नटांनी शालू, शेले आणि तलवारी नेल्या. यांच्या वाट्याला दरबाराचा आणि जंगलाचा असे दोन पडदे आणि एक पत्र्याची पेटी आली. ते सगळं घेऊन ते चिंचवडला बहिणीकडे आले आणि दुकानांच्या पाट्या रंगवू लागले.

साठीचे, उंच, काटकुळे, मान जराशी पुढं काढून चालणारे. ब्रश नेहमी उजव्या कानावर खोचलेला. त्यामुळे कानाच्या पाळीला सदा कुठला ना कुठला रंग लागलेला असे. कान निळा दिसला की समजावं सायकलच्या दुकानाची पाटी चालली आहे, लाल दिसला की दवाखान्याची. एखादी गोष्ट मनापासून बघायची असली की ते एक डोळा मिटून अंगठा समोर धरत. माणसांकडेही कधी कधी असंच बघत. सुरुवातीला मला त्याचा राग यायचा.

मी मूळचा साताऱ्याकडचा. सनद मिळून वर्षच झालं होतं. पन्नासच्या दशकाचा मध्य होता आणि रेल्वेलाइनच्या कडेनं पिंपरीपासून कारखाने उभे राहू लागले होते. जमिनीचे कागद, वाटण्या, भरपाईचे अर्ज, सगळ्यांनाच वकील लागत होता. मी विचार केला की पुण्यातल्या गर्दीत बसण्यापेक्षा इथंच दुकान मांडावं. बाळूआबा नावाच्या शेतकऱ्यानं मला त्यांची कडब्याची खोली भाड्यानं दिली. लांबट, बोळासारखी खोली. एका टोकाला रस्त्याकडे दार, बाजूला एक खिडकी, आणि खिडकीपलीकडे लगेच आबांचा गोठा.

तिथं मी एक सतरंजी, एक मोडकी खुर्ची आणि वडिलांनी दिलेलं तांब्याभांडं मांडून बसलो. लोक यायचे, दारात उभे राहून खोलीवर नजर फिरवायचे, ‘येतो नंतर’ म्हणायचे आणि पुण्याची गाडी पकडायचे. माझ्याजवळ जे होतं त्यात लाकूडबाजारातून एक कपाट आलं असतं. फक्त कपाट, आत ठेवायला काही नाही. आणखी सहा महिने असेच गेले असते तर मी गाशा गुंडाळून साताऱ्याला कारकुनी धरली असती.

शेवटचा उपाय म्हणून मी पाटी करायला दिली. पडदेवाले आले. कान त्या दिवशी हिरवा होता.

“कशी हवी पाटी?”

“लांबून बघितलं की वकील वाटावा, अशी.”

“आणि जवळून?”

उत्तराची वाट न बघता ते आत आले. कोपऱ्यातला रॉकेलचा रिकामा डबा त्यांनी उलटा घातला आणि जिथं पक्षकारानं बसायचं, नेमके तिथं बसले. एक डोळा मिटून अंगठा समोर धरला.

“काय बघताय?” मी विचारलं.

“प्रवेश बघतोय.”

दुसऱ्या दिवशी पुन्हा आले, पुन्हा डब्यावर बसले, आणि तासाभरानं निघून गेले. तिसऱ्या दिवशी म्हणाले, “वकीलसाहेब, तुमच्या खोलीत तीन दोष आहेत. एक, अशिलाला सारा वेळ तुमच्या मागची भिंत दिसते आणि तिच्यावर कडब्याचे डाग आहेत. दोन, त्याला हात ठेवायला जागा नाही. तीन, तुम्ही.”

“मी?”

“कुणी येतंय का म्हणून तुम्ही दाराकडे बघत बसता. ते आधी सोडा. त्याला खर्च नाही.”

मला वकीलसाहेब म्हणणारा तो चिंचवडातला पहिला माणूस. कदाचित त्यामुळेच मी ऐकून घेतलं. पाटी राहिली बाजूला, आम्ही ऑफिसबद्दलच बोलत बसलो. माझी ऐपत मी सांगून टाकली. ते खूश झाले, अगदी खरोखर खूश झाले. “छान. पैसे असले की माणसं वस्तू आणतात. नसले की जागेकडे बघतात. रिकामी जागा सगळ्यात महागाची दिसते हो, आणि ती फुकट मिळते.”

मग त्यांनी मला त्यांचा नियम सांगितला. पुढं मी तो कितीतरी लोकांना स्वतःचा म्हणून ऐकवला आहे. हाताला लागेल ते खरं असावं, नुसतं डोळ्याला लागेल ते रंगवलेलं चालतं. “कंपनीत राजाचं सिंहासन खरं करायचो, कारण राजा त्यावर धपकन बसायचा. मागचे खांब कापडाचे. पण एकदा एक नट खांबाला टेकला. तीन आठवडे त्याची कंबर शेकत होतो.”

मी मजुरीचं विचारलं. त्यांनी कानावरचा ब्रश काढला, पुन्हा खोचला.

“कंपनीच्या जाहिरातीत नटांची नावं असायची, कवीचं असायचं, तबलजीचंसुद्धा असायचं. पडदा वर गेला की पहिली टाळी माझ्या राजवाड्याला पडायची. लोक आत येऊन विचारायचे, हा कुणी केला. मालक सांगायचे, आमच्या कंपनीनं केला. तीस वर्षं मी ते विंगेतून ऐकलं. तेव्हा सामान तुम्ही आणा, दुपारचं जेवण तुमच्याकडे, आणि मजुरी एवढीच. कुणी विचारलं हे कुणी केलं, तर नाव सांगायचं. पूर्ण. वडिलांच्या नावासकट.”

मला हसू आलं. “एवढंच?”

“एवढंच म्हणू नका, वकीलसाहेब. विचारणारा कोण असेल ते आज तुम्हाला ठाऊक नाही.”

मी हात पुढं केला. त्यांनी आधी धोतराला हात पुसला आणि मग माझा धरला.

पुढचा महिना माझ्या आयुष्यातल्या फार आनंदाच्या दिवसांपैकी होता. कारखान्यांची यंत्रं परदेशातून देवदाराच्या मोठमोठ्या खोक्यांत यायची आणि रिकामी खोकी फाटकाबाहेर जळणाच्या भावानं मिळायची. आम्ही ती हातगाडीवर घालून आणायचो, मी ओढायचो आणि पडदेवाले मागून रेटताना रस्त्यावरच्या प्रत्येकाला सांगायचे, “वकीलसाहेबांचं फर्निचर आलं.” त्यातून माझं टेबल झालं. समोरून आणि दोन्ही बाजूंनी त्यांनी ते इतकं घासलं, रंगवलं आणि लाखेचा हात दिला की शिसवीचं वाटावं. चौथी बाजू, माझ्या गुडघ्यांची, त्यांनी तशीच कच्ची ठेवली. “तिकडे प्रेक्षक नाही.” त्या फळ्यांवर इंग्रजीत काळ्या ठशांनी छापलेलं होतं, सांभाळून उचला, ही बाजू वर. पुढची अकरा-बारा वर्षं मी त्या अक्षरांना गुडघे टेकवून वकिली केली.

मागच्या भिंतीवर दरबाराचा पडदा उलटा करून ताणला आणि त्यावर नवीन रंग दिला. माझी कल्पना पांढऱ्याची होती. “पांढऱ्यात गरिबी उठून दिसते,” ते म्हणाले, आणि बादलीत चिमूटभर काजळी टाकली. रंगात घालायला सरस शिजवायचे तेव्हा सगळ्या आळीत वास सुटायचा. आबांच्या घरातून निरोप यायचा की वकील काय शिजवतोय ते झाकून ठेवा.

जंगलाच्या पडद्याचं त्यांनी मधलं पार्टिशन केलं. बाहेरून राखाडी, साधं, भारदस्त. आतल्या बाजूला मात्र जंगल जसंच्या तसं. तिथं माझा स्टोव्ह आणि वळकटी असे. मी चहा करायचो तो एका वडाच्या झाडाखाली, आणि वरच्या फांदीवरून एक माकड मी साखर किती टाकतो ते बघत असायचं.

खऱ्या वस्तू तीन. पहिली, अशिलाची खुर्ची. आबांची जुनी बैलगाडी मोडकळीला आली होती, तिची बाभळीची लाकडं मागून आणली. खुर्चीचे हात पडदेवाल्यांनी त्यातलेच केले. आबांच्या बापापासूनचे तळवे फिरून ते लाकूड मऊ झालं होतं. “नव्या नटाची पहिली अडचण म्हणजे हात,” ते म्हणाले. “कुठं ठेवायचे कळत नाही, मग वाक्य विसरतो. अशिलाचं तेच. हात टेकले की माणूस खरं बोलायला लागतो.” मी पुढं हजारो पक्षकार बघितले. हे खरं आहे. दुसरी वस्तू, वडिलांचं तांब्याभांडं, चिंचेनं घासून लखलखीत. तिसरा, उजेड. खिडकीला त्यांनी वाळ्याचा पडदा लावला आणि तो पाण्यानं ओला ठेवायला सांगितलं, म्हणजे उजेड गाळून येतो आणि गोठ्याचा वास आत येत नाही. “पण चारनंतर अशील घेऊ नका. चारनंतर पुस्तकं खोटी दिसतात.”

पुस्तकांचं सांगायचं राहिलं. माझ्या खुर्चीमागे, पक्षकाराचा हात पोचणार नाही अशा उंचीवर, कायद्याच्या रिपोर्टांनी भरलेलं एक मोठं कपाट होतं. लाल पाठी, सोनेरी आकडे, काचेवर चमक. ते सगळं भिंतीवरच्या पडद्यावर रंगवलेलं होतं. काचेची चमकसुद्धा.

पहिल्यांदा ते बघायला आले ते घरमालक बाळूआबा. खुर्चीत बसले, गाडीचं लाकूड हातानं चाचपून ओळखलं, आणि बराच वेळ वर बघत राहिले.

“सायेब, ही समदी पुस्तकं तुमी वाचल्यात व्हय?”

“हळूहळू चाललंय, आबा.”

“न्हाई, इचारलं आपलं. समदी एका उंचीची हायेत. आन् येकबी हाताळल्यालं दिसत न्हाई. आमच्या तलाठ्याची वही बगा, घामानं काळी पडलीया.”

आबा गेल्यावर मी पडदेवाल्यांना म्हटलं, मेलो. ते मात्र आनंदानं टाळी वाजवून उठले. “असा प्रेक्षक तीस वर्षांत भेटला नाही!” दुसऱ्या दिवशी शिडी लावून त्यांनी काही पुस्तकं बुटकी केली, काही जाड केली, दोन-तीन पाठी विटवल्या, एक पुस्तक शेजारच्यावर तिरकं टेकवलं. आणि मधोमध एक काळी फट रंगवली, पुस्तक काढून घेतल्यासारखी. तेवढ्या जाडीचं एक खरं पुस्तक त्यांनी लाल कापडात बांधून माझ्या टेबलावर ठेवलं. ते रद्दीतून आणलेलं रेल्वेचं जुनं वेळापत्रक होतं.

“आता ते पुस्तक तुमच्या हातात आहे, म्हणून तिथं जागा रिकामी आहे. कळलं?”

त्यानंतर मी कितीतरी पक्षकारांसमोर कपाळाला आठ्या घालून दौंड-मनमाडच्या गाड्या वाचल्या. आबा पुढच्या खेपेला आले, वर बघितलं, मान डोलावली. “आता वाचाय लागला जनू.” त्यांना सगळं कळलं होतं की नाही, ते मला शेवटपर्यंत समजलं नाही. भाडं मात्र त्यांनी कधी वाढवलं नाही.

एका दुपारी भोसरीकडचे दोन भाऊ वाटणीवरून समोर बसून भांडत होते, आणि त्यांच्या आवाजानं बिथरून आबांच्या म्हशीनं वाळ्याच्या पडद्यातून मुंडकं आत घातलं. ओला वाळा तिच्या शिंगांवर, गवत समजून ती तो चघळायला लागली. भाऊ थांबले. मीही थांबलो. पार्टिशनमागून पडदेवाल्यांचा हळू आवाज आला, “तिला बाहेर काढू नका. तेवढीच एक खरी दिसतेय.” दोघे भाऊ आधी दचकले आणि मग इतके हसले की वाटणी त्याच बैठकीत मिटली.

पडदेवाले पार्टिशनमागे बसायचे हेही सांगितलं पाहिजे. ऑफिस झालं तरी त्यांचं येणं थांबलं नाही. पाट्यांची कामं उरकून ते दुपारी जेवायला यायचे आणि जंगलात बसून बिडी न पेटवता नुसती ओठांत धरायचे. मी तेव्हा बुजरा होतो. पक्षकारानं एकदम काही विचारलं की माझी वाचा बसायची. अशा वेळी वडाच्या झाडामागून कुजबुज यायची, फक्त मला ऐकू येईल इतकीच. कंपनीत गरज पडली की ते नटांना वाक्यं पुरवायचे, ती सवय.

“कागद मागा.”

“पाणी द्या त्याला.”

“आता गप्प बसा.”

कायद्याचं त्यांना अक्षर ठाऊक नव्हतं. कुठं थांबायचं ते ठाऊक होतं. बोलता बोलता अडलेला माणूस त्यांना बघवत नसे, मग तो नट असो, वकील असो, नाहीतर भाजीवाल्याशी घासाघीस करणारी त्यांची बहीण. ते लगेच पुढचा शब्द द्यायचे.

माझा जम बसू लागला. मग पिंपरीच्या एका नव्या कारखान्यातून चिठ्ठी आली. तिथले मॅनेजर, कर्णिकसाहेब, गुरुवारी दुपारी येऊन भेटणार होते. जमिनीच्या कागदांसाठी त्यांना जवळपासचा कायमचा वकील नेमायचा होता. हे काम मिळालं तर मी उभा राहणार होतो.

“पट्टेवाला कुठंय तुमचा?” पडदेवाल्यांनी विचारलं.

“पट्टेवाला कुठला परवडायला.”

“मग प्रवेश अर्धा पडेल. असा माणूस दार स्वतः उघडत नाही. मी होतो.”

मी नको म्हणायला हवं होतं. माझ्याहून दुपटीनं मोठा माणूस, कलावंत. पण मला मजा वाटली आणि सोयही. त्यांच्या पत्र्याच्या पेटीत चोपदाराचा लाल पट्टा होता, पितळी बिल्ल्यासकट. गुरुवारी ते आले तेव्हा पट्टा कसलेला, डोक्याला पांढरा फेटा, आणि कान घासून लख्ख केलेला. त्या कानाचा खरा रंग मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिला.

कर्णिकसाहेब आले. पट्टेवाल्यानं दार उघडलं ते असं की साहेब आपोआप हळू चालू लागले. खुर्चीत बसले आणि त्यांचे दोन्ही तळवे बाभळीच्या हातांवर जाऊन टेकले. पाणी प्याले. कामाचं बोलले, सविस्तर. मी एकदाही अडलो नाही. सव्वातीन झाले होते, उजेड उत्तम होता.

मग त्यांनी खोलीभर नजर फिरवली.

“पुण्यातल्या दोन वकिलांकडे माझं जाणं असतं. तिथं बसलं की शिंका येतात. तुमच्याकडे बरं वाटतं. हे सगळं कुणी केलं?”

पडदेवाले दोन हातांवर ट्रे घेऊन उभे होते. पट्टेवाले बघतात तसे समोरच्या भिंतीकडे बघत. चेहरा निर्विकार. फक्त ट्रेमधला चमचा बशीवर बारीक वाजत होता.

मी हिशेब केला, क्षणभरात. नाव सांगितलं तर साहेब विचारणार, कोण हे. नाटकातला पडदेवाला म्हटलं तर ते उठून पुस्तकांकडे जाणार. कुठं असतात विचारलं तर काय सांगू, हा इथं बिल्ला लावून उभा आहे? मग पुस्तकं गेली, टेबल गेलं, काम गेलं.

“मुंबईच्या एका फर्मनं,” मी म्हणालो.

“असं होय. मग राहिलं. मुंबईचे आम्हाला झेपायचे नाहीत. नव्या इमारतीत अकरा खोल्या सजवायच्यात, आणि खर्चाची मंजुरी अगदी तुटपुंजी. इकडचा कुणी कसबी माणूस असता तर सगळं त्याच्यावर सोपवून मोकळा झालो असतो. असा कुणी आहे का हो तुमच्या माहितीत?”

म्हणजे मला दोनदा विचारलं गेलं. पहिल्यांदा मी घाबरलो असं म्हणता येईल. दुसऱ्यांदा विचार करायला वेळ होता.

“नाही,” मी म्हणालो. “इकडं तसं कुणी नाही.”

चमच्याचा आवाज थांबला. पट्टेवाला दोन पावलं पुढं आला, कमरेत नेमका हवा तेवढा वाकला आणि म्हणाला, “साहेब, साखर किती?”

काम मला मिळालं. साहेबांची मोटार गेल्यावर पडदेवाल्यांनी फेटा उतरवला, पट्टा सोडला, तो नीट गुंडाळून घेतला. मी म्हटलं, “उद्या जाऊन सांगतो त्यांना. नक्की.”

“काय सांगाल? पट्टेवाल्यानं ऑफिस केलं?” ते हसले. खरंच हसले. “चूक माझी. एका प्रवेशात दोन भूमिका घेऊ नयेत. हे मीच नटांना सांगायचो.” मग ते जंगलात गेले आणि दोघांसाठी चहा टाकला. पीत पीत माकडाकडे बघून म्हणाले, “अकरा खोल्या. अकरा अंकी नाटक झालं असतं हो.”

त्या विषयावर ते माझ्याशी एवढंच बोलले.

मी दुसऱ्या दिवशी गेलो नाही. कागदावर सही होऊ दे म्हटलं. सही झाल्यावर वाटलं, लगेच कसं सांगायचं, जरा ओळख होऊ दे. ओळख झाल्यावर वाटलं, आता सांगितलं तर इतके दिवस का नाही सांगितलं असं होईल. मला खोटं बोलायला एक क्षण लागला आणि खरं न बोलायची कारणं मी कितीतरी महिने सावकाश जमवली. अकरा खोल्या पुण्याच्या एका ठेकेदारानं सजवल्या. लोखंडी कपाटं, हिरवी टेबलं. कर्णिकसाहेब स्वतः म्हणायचे की खोलीत बसल्यावर पोलीस चौकीत बसल्यासारखं वाटतं. पुढं एक डॉक्टर आणि एक आडतदार मला त्या फर्मचा पत्ता विचारायला आले. ती फर्म आता बंद पडली, असं मी त्यांना सांगितलं.

पडदेवाले मात्र येत राहिले. पुस्तकांचा सोनेरी रंग उडाला की शिडी लावून परत चढवायचे. मधल्या फटीची जागाही त्यांनी एकदा बदलली, कारण एकच पुस्तक दोन वर्षं वाचणारा वकील बरा दिसत नाही. पाहुणे असले की पार्टिशनमागे बसायचे, अडलो तर शब्द द्यायचे. मला वाटलं, त्यांनी ते मनावर घेतलं नाही. मला तसं वाटून घेणं सोयीचं होतं. मग त्यांच्या बहिणीचा मुलगा तळेगावला नोकरीला लागला आणि ते सगळे तिकडे राहायला गेले.

एक-दीड वर्षानं तळेगावच्या एका शाळेनं मला स्नेहसंमेलनाला पाहुणा म्हणून बोलावलं. दुपारचा कार्यक्रम होता. शाळेच्या पत्र्याच्या मांडवात गेलो तर पहिल्या रांगेत कर्णिकसाहेब. त्यांच्या कारखान्यानं शाळेला बाकं दिली होती. मुलांचं नाटक सुरू झालं, तिसरा प्रवेश वकिलाच्या ऑफिसातला होता, आणि पडदा वर गेला. समोर माझं ऑफिस होतं. राखाडी पार्टिशन, शिसवी टेबल, त्यापुढं अशिलाची खुर्ची, लाल पुस्तकांचं कपाट, त्यात एक तिरकं पुस्तक, एक काळी फट. खिडकीत वाळ्याचा पडदा, आणि त्यातून आत डोकावणारी, पुठ्ठ्याची, शिंगांवर गवत अडकलेली म्हैस. पहिली टाळी पडली ती त्या देखाव्याला. कर्णिकसाहेब माझ्याकडे वळून म्हणाले, “हे हुबेहूब तुमचं हो.”

विंगेत दोरी धरून पडदेवाले उभे होते. कान लाल होता.

नाटक संपल्यावर मुख्याध्यापकांनी मला रंगमंचावर बोलावलं. देखावा अजून तसाच होता. “पाहुण्यांनी या देखाव्याबद्दल दोन शब्द बोलावेत,” ते म्हणाले. “त्यांचं स्वतःचं ऑफिस मुंबईच्या फर्मनं सजवलेलं आहे, त्यांना यातलं कळतं.”

मी उभा राहिलो. ठरवलं की आता सांगायचं. “हा देखावा,” मी सुरुवात केली, “हा देखावा ज्यांनी केला, ते...”

कर्णिकसाहेबांनी चष्मा वर सरकवला आणि माझ्याकडे बघितलं. माझी वाचा बसली. कुणीतरी खोकलं. मी तोंड उघडं ठेवून उभा होतो, आणि उजव्या विंगेतून, फक्त मला ऐकू येईल इतक्या हळू, शब्द आला.

“मुलांनी.”

“मुलांनी केला,” मी म्हणालो. “या मुलांचं करावं तेवढं कौतुक थोडं आहे.” टाळ्या कडाडल्या. रंग मुलांनीच भरले होते, तेव्हा ते खोटंही नव्हतं. पडद्याची दोरी सुटली आणि पडदा माझ्यासमोर खाली आला.

त्यांनी मला माफ केलं म्हणून तो शब्द दिला, असं मी पुष्कळ वर्षं समजत आलो. आता तसं वाटत नाही. रंगमंचावर अडलेला माणूस त्यांना बघवला नाही, इतकंच असेल.

मी विंगेत गेलो. त्यांनी दोरी खुंटीला बांधली आणि म्हणाले, “शेवटच्या बाकापर्यंत आवाज गेला. सुधारलात.” बाहेरून मुख्याध्यापक हाका मारत होते, चिंचवडला जाणारी गाडी पंधरा मिनिटांवर होती आणि कर्णिकसाहेब स्टेशनपर्यंत त्यांच्या मोटारीतून सोडणार होते. येतो म्हणालो. या म्हणाले.

मांडवाच्या दारातून मी एकदा मागं बघितलं. पडद्याच्या फटीतून रंगमंच दिसत होता. मुलं पांगली होती. पडदेवाले देखाव्यात गेले, अशिलाच्या खुर्चीत बसले, दोन्ही हात खुर्चीच्या हातांवर ठेवले आणि समोरच्या रिकाम्या टेबलाकडे बघू लागले. कुणी येईल म्हणून थांबावं तसे. बाहेर मोटारीचा हॉर्न वाजला आणि मी निघालो.